दुसऱ्यांदा आठवी

आमच्या खोऱ्यात मुलाचं वय कोणी विचारत नाही, वजन विचारतात. बाळ झालं की दवाखान्यात बघायला येणाऱ्या बायका 'कोणावर गेलाय' म्हणतात आणि पुरुष 'किती पौंडाचा' म्हणतात, आणि ते थट्टा करत नसतात. माझा एमेट सात पौंड दोन औंसाचा होता. माझा नवरा रस त्याला हातावर तोलून म्हणाला, "हलका आहे. पण हलकी पोरं चपळ असतात." पोरानं अजून डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते.

मी नदीन. इथल्या हायस्कूलच्या ऑफिसात एकवीस वर्षं कारकून आहे. दाखले, हजेरी, खेळाडूंच्या याद्या, सगळं माझ्या हाताखालून जातं. नदीनच्या कागदात चूक निघत नाही, असं अख्ख्या शाळेत म्हणतात. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

रस शाळेत कुस्ती खेळायचा तेव्हा आमच्या विभागात अकरा शाळा होत्या. फुटबॉल संपला, हरणांची शिकार संपली की पोरं मॅटवर यायची आणि मार्चमध्ये जी पांगायची ती पुढच्या डिसेंबरलाच परत दिसायची. गोठ्यातून थेट आलेल्या पोराच्या अंगाला असा वास यायचा की समोरचा पंचाकडे तक्रार करायचा. काही वजनगटांत तर चारच पोरं असायची. एक कुस्ती मारली की पोरगा फायनलला. अशाच एका फायनलला रस एका गुणानं हरला. त्या एका गुणाचं काय झालं असतं, पंच कुठे बघत होता, पाय रेषेच्या आत होता की बाहेर, हे मी लग्नाआधीपासून ऐकते आहे. पंच बिचारा वारला, तरी याचं संपत नाही.

मग नदीकाठच्या गावात एकानं ट्रॅक्टरच्या शेडमध्ये मॅट अंथरून क्लब काढला. पाच-पाच वर्षांची पोरं तिथे जायला लागली. दुसऱ्या गावाला ते बघवेना, त्यांनी बाहेरून प्रशिक्षक आणला. तिसऱ्यानं उन्हाळ्यातही सराव सुरू केला. दहा-बारा वर्षांत अशी वेळ आली की राज्याची स्पर्धा सोपी आणि आमचा विभाग अवघड. विभागातून प्रत्येक वजनगटातले चौघेच पुढे जातात. पाचवा आलेला पोरगा दुसऱ्या कुठल्याही विभागात पहिला आला असता, आणि त्या पोराचा बाप हे सगळ्यांना सांगत फिरायचा.

आणि मग वरच्या गावातल्या एका दंतवैद्यानं आपल्या चांगल्या हुशार मुलाला आठवीत मुद्दाम परत बसवलं. वर्षभरात पोरगा चार इंच वाढला, अठरा पौंडांनी भरला आणि नववीतच विभाग मारला. लोकांनी दंतवैद्याला नावं ठेवली. पुढच्या वर्षी नावं ठेवणाऱ्यांपैकीच चौघांनी आपली पोरं परत बसवली.

याला इथे 'वर्ष घेणं' म्हणतात. नापास नव्हे, बरं का. सरकारी शाळा पास झालेल्याला परत बसवत नाही, म्हणून पोराचा दाखला काढायचा, चर्चच्या तळघरातल्या छोट्या खासगी शाळेत एक वर्ष तीच आठवी करायची आणि मग हायस्कूलच्या नववीत यायचं. त्या तळघरात बारा-तेरा धडधाकट पोरं झालेलीच गणितं परत करायची आणि दुपारी दोनला मॅटवर सुटायची. चर्चच्या पॅनकेकच्या नाश्त्याला बाप एकमेकांना विचारायचे, "तुझा घेतोय का वर्ष?" सगळ्यांनीच घेतल्यावर फायदा कोणालाच उरला नाही. आमच्या नववीतल्या निम्म्या पोरांना दाढी आली, एवढंच. पण आता न घेणाऱ्याचा तोटा होता, आणि तोटा कोणाला हवा असतो.

एमेटची पाळी आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. खरं तर आठवीच्या मानानं तो आधीच एक वर्ष मोठा होता. लहानपणी त्याच्या कानात पाणी साठायचं, ऐकू कमी यायचं, बोलायला उशीर झाला, म्हणून मी त्याला बालवाडीतच एक वर्ष उशिरा घातलं होतं. रस तेव्हा दूरच्या कामांवर असायचा, महिन्यातून दोनदा घरी. कानाचं ऑपरेशन त्याच्या लक्षात होतं, बालवाडीचं नव्हतं.

जेवताना त्यानं विषय काढला. "एमेट, वर्ष घेऊ या तुझं."

एमेटनं माझ्याकडे बघितलं. "थिओ घेतोय का?"

थिओ हा त्याचा पहिलीपासूनचा मित्र. तो क्लॅरिनेट वाजवायचा आणि त्याला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

"थिओला काय करायचंय वर्ष घेऊन?" रस म्हणाला. "त्याला काय क्लॅरिनेट जड होतेय?"

"मग मी एकटाच खाली राहणार."

"एकटा कसला, सगळं तळघर भरलंय. आणि खाली नाही म्हणायचं. घेतलं म्हणायचं."

"वयाचं काही बघायला लागेल," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

"एकोणीस चालतं," रस म्हणाला आणि स्पॅगेटीची वाटी पुढे ओढली.

हे वाक्य खोऱ्यातला प्रत्येक बाप म्हणतो. एकोणीस चालतं. दरवर्षी दोन-चार पोरं ऐन मोसमात एकोणिसाची होतात, केक कापतात आणि दुसऱ्या दिवशी मॅटवर उतरतात, ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. पण नियम तेवढाच नाही. शेवटच्या वर्षाच्या एक सप्टेंबरच्या आत एकोणीस पुरी झाली की पोरगा बाद. एमेटचा जन्म सत्तावीस ऑगस्टचा. त्या याद्या मी दरवर्षी भरत होते, नियम मला पाठ होता. मी टेबलाखाली बोटं मोजली. नववीत सोळा, दहावीत सतरा, अकरावीत अठरा, बारावीत एकोणीस, पाच दिवस आधी.

हे मी तेव्हाच बोलले असते तर विषय तिथेच मिटला असता. रसनं कपाळावर हात मारला असता, चार दिवस धुसफूस केली असती, आणि एमेट थिओबरोबर नववीत गेला असता. मग मी का बोलले नाही? ते आता सरळच सांगते. एमेटला कुस्ती आवडत नव्हती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो वजनासाठी उपाशी राहायचा आणि न्हाणीघरात नळ सोडून रडायचा, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. मला ऐकू जायचं. तो वर्ष न घेता नववीत गेला असता तर चारही वर्षं खेळला असता, कारण त्याला नको म्हणण्याची हिंमत नव्हती आणि रसला नाही म्हणण्याची माझ्यात नव्हती. वर्ष घेतलं तर तीनच वर्षं खेळणार होता. चौथ्या वर्षी नियमच नाही म्हणणार होता. मला काही म्हणावंच लागणार नव्हतं. शेवटचं वर्ष पोरगा मोकळा राहील, पोटभर जेवेल, मुलींबरोबर फिरेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझी मला फार हुशारी वाटली.

एप्रिलमध्ये मी त्याला त्या चर्चपाशी घेऊन गेले. फॉर्म मांडीवर होता. गाडी थांबवून मी बराच वेळ तशीच बसले. मग मी सही केली आणि म्हटलं, "चल, उतर."

आमचे कुस्तीचे कोच मारुक्का. अंगानं कपाटाएवढा माणूस, पण काउंटरवर आला की दोन्ही हात मागे बांधून उभा राहतो, जणू काही फुटेल. एमेट नववीत आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तारखांचं बघितलंस ना गं? वर्ष घेतलेला आहे तो."

"बघितलंय," मी म्हटलं. "ठीक आहे."

"तू म्हणतेस म्हणजे झालं."

एवढंच झालं. यात खोटं शोधायला गेलं तर एकच शब्द सापडेल.

पुढची तीन वर्षं मी मोजत काढली. नववीत एमेटला टीममध्ये जागाच मिळाली नाही. इथे जागेसाठी आधी आपल्याच पोरांशी कुस्ती धरावी लागते, आणि त्याच्या वजनगटात आमच्याच शाळेत वर्ष घेतलेले तिघे होते. दहावीत कोचनी त्याला वरच्या गटात उभं केलं, तिथे तो आठवड्याला एक या हिशेबानं चीत झाला. घरी आला की रस पेले-बशा मांडून त्याला डाव समजावायचा. मी भांडी घासत मनात म्हणायची, अजून दोन मोसम. अजून दीड.

अकरावीत तो विभागाच्या स्पर्धेत चौथ्या जागेसाठीची कुस्ती हरला. मी गॅलरीत होते. तो मॅटवरून उठला आणि रडला नाही. समोरच्याचा हात धरून त्याला काहीतरी विचारत राहिला, कशी पकड सोडवलीस असं काहीतरी, आणि त्या पोरानं तिथेच त्याला करून दाखवलं. मी ते बघितलं. हे माझ्या हिशेबात नव्हतं.

त्यानंतर त्याला कोणी उठवावं लागलं नाही. सकाळी पाचला तो स्वतःच क्लबवर जायचा. उन्हाळ्यात दिवसभर रसबरोबर छपरांची कामं करायचा आणि संध्याकाळी परत मॅटवर. जुलैत त्यानं एका खुल्या स्पर्धेत त्याच पोराला सात गुणांनी हरवलं, ज्यानं त्याला पकड शिकवली होती. ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचचं पत्र आलं, यंदाच्या मोसमात तुला बघायला येतो, विभागातून पुढे गेलास तर आमच्याकडे जागा आहे. एमेटनं ते पत्र फ्रिजवर लावलं. मार्क त्याचे बरे होते, पण बऱ्या मार्कांना कोणी पत्र पाठवत नाही. रसला मी इतका खूश कधी बघितला नव्हता, आणि गंमत म्हणजे तो गप्प झाला होता. त्याचा तो एक गुण त्यानं उन्हाळाभर काढला नाही.

मी रोज दूध घ्यायला फ्रिज उघडायची आणि ते पत्र वाचायची. बोलायला हवं होतं. बोलून तरी काय होणार होतं? तारीख थोडीच पुढे जाणार होती. ऑगस्ट लागला की सांगीन म्हटलं, मग वाढदिवसानंतर सांगीन म्हटलं. सत्तावीस तारखेला मी चॉकलेटचा केक केला, वर एकोणीस मेणबत्त्या लावल्या. रसनं टाळ्या वाजवल्या आणि मी पण वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोच मारुक्का काउंटरवर आले. यंदापासून याद्या थेट संगणकावर भरायच्या होत्या आणि त्यांनी हौसेनं स्वतःच नावं भरली होती. एमेटच्या नावावर लाल रेघ आली होती.

"मशीन चुकलं असेल," ते म्हणाले.

"नाही चुकलं."

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. मग बोटं मोजली, मी मोजली होती तशीच, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी काउंटरवर हात टेकले. "मीच बघायला हवं होतं," ते म्हणाले. "तुझ्यावर टाकून मोकळा झालो. एकवीस वर्षांत तुझी ही एक चूक, ती माझ्या नावावर राहू दे. रसला मी सांगतो."

मी तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

अर्ध्या तासात रसचा फोन आला. छपरावरूनच बोलत होता, मागे हातोड्यांचा आवाज येत होता. "पाच दिवस," तो म्हणाला. "पाच दिवसांसाठी पोराचं वाटोळं करणार? तुझ्याच हातात आहे सगळं. दोन सप्टेंबर कर आणि टाक मोकळं करून. कोण बघतंय?"

"रस, जन्माचा दाखला आहे फाइलमध्ये."

"फाइल कोणाकडे आहे? तुझ्याकडेच ना? नदीन, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

त्यानं फोन ठेवला. मी एमेटची नोंद उघडून बसले. माझं बोट त्या आकड्यावर होतं, हेही लपवत नाही. पकडलं गेलं तर अख्ख्या टीमच्या सगळ्या जिंकलेल्या कुस्त्या रद्द होतात, सगळ्या तेरा पोरांच्या. हे मला पाठ होतं, तरी बोट तिथेच होतं.

एमेट आला तेव्हा चार वाजले होते, शाळेत कोणी नव्हतं. हाताला डांबर लागलेलं, कामावरून तसाच आला होता. काउंटरसमोरच्या बाकावर बसला.

"बाबांचा फोन आला?"

"आला."

"आकडा बदल म्हणाले?"

"हो."

"नको बदलू. क्लबातल्या थोर्पच्या आईनं काल माझ्या वाढदिवसाला कप-केक केलेत, क्लबातल्या सगळ्यांनी खाल्लेत. कोणाकोणाचं तोंड बंद करशील?"

मी नोंद बंद केली. तो डांबर नखानं खरवडत बसला. मग म्हणाला, "कोच म्हणाले, आईला काही बोलू नकोस, तिच्याकडून नजरचुकीनं झालं." त्यानं वर बघितलं. "नजरचुकीनं? तू?"

मी स्टेपलर उचलून खणात ठेवला.

"आई, तू माझ्या डब्यावरच्या चिठ्ठीतसुद्धा स्वल्पविराम देतेस. तुझ्या लक्षात कसं नाही आलं?"

"आलं होतं," मी म्हटलं.

"कधी?"

"वर्ष घेतलं तेव्हाच."

पंखा फिरत होता. तो ओरडेल असं मला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "मग?"

"तुला नको होतं ते, एमेट. तू न्हाणीघरात रडायचास. मला वाटलं, शेवटच्या वर्षी तरी सुटशील."

"हो, नको होतं," तो म्हणाला. "कधीच नको होतं. त्या चर्चबाहेर तू फॉर्म मांडीवर घेऊन किती वेळ बसली होतीस, आठवतं? मला वाटलं, आता आई नाही म्हणणार. आता गाडी वळवणार. मी सीटचा पट्टासुद्धा काढला नव्हता. मग तू उतर म्हणालीस. म्हटलं, ठीक आहे. सुटायला जागाच नाही, तर हेच आवडून घेऊ. मला चार वर्षं लागली आई ते आवडून घ्यायला. आत्ता कुठे आवडायला लागलं होतं."

मला रडू फुटलं. त्यानं माझ्याकडे न बघता खोक्यातले दोन-तीन कागदी रुमाल काढून काउंटरवर ठेवले, आणि म्हणाला, "बाबांना सांगू नको. ते घर सोडतील नाहीतर तुला सोडायला लावतील, आणि मी मध्ये सापडेन."

मोसम सुरू झाला. एमेटला सरावाला यायला बंदी नव्हती, कोचनी लहान पोरांना शिकवायला बोलावलंही होतं. तो गेला नाही. हायस्कूलच्या प्रमाणपत्रासाठी त्याला वर्ष पुरं करायचं होतं, म्हणून तो एकोणीस वर्षांचा बाप्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांत बसून इतिहास शिकत होता. थिओ केव्हाच नौदलात गेला होता. ओहायोच्या कोचनं दुसरं पत्र पाठवलं, सभ्य होतं, दोन ओळींचं. ते फ्रिजवर लागलं नाही.

तीन वाजता शाळा सुटते आणि पोरं मॅटच्या खोलीकडे पळतात. एमेट माझ्या काउंटरसमोरच्या बाकावर येऊन बसतो. पाचला माझं ऑफिस बंद होतं, तोपर्यंत. पुस्तक उघडत नाही, फोन बघत नाही. भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू येते, अंगं आपटल्याचे आवाज येतात. मी एकदा म्हटलं, "अरे, घरी जा ना, मोकळा आहेस तर." तो म्हणाला, "घरी जाऊन काय करू?" आणि मी परत कधी म्हटलं नाही.

रस मारुक्काशी बोलत नाही. पॅनकेकच्या नाश्त्याला त्यानं सगळ्यांदेखत त्यांना सुनावलं, आणि तो कपाटाएवढा माणूस हात मागे बांधून ऐकत राहिला, माझं नाव घेतलं नाही. गावात आता त्यांना काढायचं चाललंय म्हणे.

परवा जेवताना रसनं पुन्हा तेच सुरू केलं. "तीन वर्षं," तो म्हणाला, "तीन वर्षं हातात होती त्या माणसाच्या. साधं बोटांवर मोजता आलं नाही?"

मी बटाट्यांकडे बघत होते. माझ्या तोंडाशी आलं होतं, खरंच आलं होतं. एमेटनं माझ्याकडे बघितलं आणि भांडं बापाकडे सरकवलं.

"सोडा ना बाबा," तो म्हणाला. "कोणीच मोजलं नव्हतं."

रसनं बटाटे वाढून घेतले. मग मीही घेतले.